शिडाच्या नावेवर निवृत्तीनंतरचा संसार : या चुका टाळा

आम्ही दोघं कोल्हापूरचे. यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, मी हायस्कुलात गणित शिकवायचे. दोघंही मोकळे झालो तेव्हा गोव्यात एक जुनी, २६ फुटी, फायबरची शिडाची नाव मिळाली. त्याला आता सहा हंगाम झाले. नोव्हेंबरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत, महिन्यातले दहा-पंधरा दिवस आम्ही रत्नागिरी ते पणजी या पट्ट्यात किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतो आणि नावेवरच राहतो. ओळखीतली दोन-तीन जोडपी अशीच नाव घ्यायच्या विचारात आहेत. त्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. मला मात्र आधी दुसरंच सांगायचं असतं. सहा वर्षांत आमचं जे जे बिघडलं, ते बहुतेक घाईमुळे, नाहीतर ते काम दोघांपैकी एकालाच येत होतं म्हणून बिघडलं.

नांगराचा दोर ओहोटीच्या पाण्यावर मोजू नका

पहिल्याच हंगामात विजयदुर्गला, वाघोटन खाडीत, पौर्णिमेच्या संध्याकाळी पाचला आम्ही नांगर टाकला. खोली तीन मीटर. दोर खोलीच्या पाचपट तरी सोडावा एवढं ठाऊक होतं, म्हणून पंधरा मीटर सोडला, जेवलो आणि झोपलो. झोपताना धक्क्यावरचा दिवा माझ्या खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात दिसत होता. सव्वाअकराला जाग आली तेव्हा खिडकीत दिवा नव्हता. नांगराच्या दोरातून जात्यासारखी घरघर येत होती. "अहो, उठा, दिवा सरकला," एवढंच मला सुचलं. सरकला होता तो नांगर.

चूक हिशेबाची होती. पाचला ओहोटी संपत आली होती. पौर्णिमेचं उधाण, रात्री पाणी दोन मीटर चढलं. नावेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून एक मीटर वर. तीन, दोन आणि एक मिळून सहा मीटर. त्याला पंधरा मीटर दोर म्हणजे जेमतेम अडीचपट. त्यात रात्रीचा मतलई वारा जमिनीकडून सुटला आणि नाव खाडीच्या तोंडाकडे निघाली. आम्ही एकूण पस्तीस मीटर सोडला तेव्हा नांगर धरला.

म्हणून भरतीला किती पाणी असेल ते धरून दोर सोडा, आणि आजूबाजूच्या होड्यांना न लागता नाव त्या दोराभोवती पूर्ण फिरेल का तेही बघा. ओहोटीला तळाशी पुरेसं पाणी उरेल ना, हा उलटा हिशेबही तेवढाच महत्त्वाचा. नांगराकडच्या टोकाला सहा-आठ मीटर साखळी हवीच. झोपण्याआधी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा. आजही मी दिवा आणि त्यामागचं झाड बघितल्याशिवाय आडवी होत नाही.

भरतीच्या वेळेचा जुना ठोकताळा किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो : तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवस ठरवायला तो पुरतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा ओलांडून आत शिरायचं असेल तेव्हा मात्र त्या बंदराचं छापील कोष्टकच बघायचं.

घड्याळ कोल्हापूरचं, वारा समुद्राचा

मालवण १८१२ पर्यंत कोल्हापूर संस्थानाकडे होतं. त्यामुळे सिंधुदुर्गासमोर नाव उभी करायची आम्हाला भारी ओढ. तिथे चार दिवस रमलो आणि मग आठवलं, सोमवारी घरचं लग्न आहे. गाडी देवगडला लावलेली. रविवारी नाश्ता-बिश्ता आवरून अकराला निघालो. मालवण ते देवगड सुमारे वीस सागरी मैल, शांत पाण्यात आमच्या नावेला पाच तास.

दुपारी खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा वारा वायव्येकडून भरतो, म्हणजे उत्तरेला जाणाऱ्याच्या बरोबर तोंडावर. दोन वाजता लाटा नाळेवर आपटायला लागल्या. तीनला इंजिनाचा आवाज वरखाली झाला आणि ते बंद पडलं. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ आणि पाणी घुसळून वर आलं होतं, फिल्टर तुंबला होता. वर्कशॉपमध्ये ऑइल इंजिनं कोळून प्यायलेला माणूस, पण हलत्या नावेत, डिझेलच्या वासात, उलटी आवरत फिल्टर बदलून नळीतली हवा काढायला यांना तास लागला. देवगडला पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते आणि शेवटचा तास आम्ही दिवे नसलेल्या जाळ्यांच्या बोयांमधून टॉर्च मारत काढला.

आता आम्ही पहाटे पाचला, मतलई वाऱ्यावर निघतो आणि दुपारी बाराच्या आत नांगर टाकतो. घरी जायची तारीख जवळ आली तर जवळच्या बंदरात, ओळखीच्या माणसाच्या नजरेखाली नाव ठेवतो आणि एसटी पकडतो. नाव दोन आठवडे तिथे थांबू शकते. मालवणच्या बंदरात तर खडक इतके आहेत की उजेड असताना आणि पहिल्यांदा जाताना स्थानिक माणसाला विचारूनच शिरावं.

इंजिनासाठी तीन सवयी लावून घ्या. टाकी शक्यतो भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत दमटपणाचं पाणी धरतं. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची वाटी दर आठवड्याला सोडून बघा. आणि सुरू केल्याबरोबर मागच्या नळीतून थंडाव्याचं पाणी पडतंय का ते डोळ्यांनी पाहा. पडत नसेल तर लगेच बंद करा; बहुतेक वेळा तोंडाशी प्लास्टिकची पिशवी नाहीतर पंपातल्या रबरी चक्राची तुटलेली पाती सापडते. नाव ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकलं तरी आधी इंजिन बंद. खाली उतरणाऱ्याने इंजिनाची किल्ली स्वतःजवळ घेऊनच उतरायचं.

दोघांपैकी एकच खलाशी

ही सगळ्यात मोठी चूक. आमच्याकडून दोन हंगाम झाली. हे सुकाणूवर, मी शेगडीपाशी. मार्चमधल्या एका दुपारी देवगडसमोर यांना उन्हाने आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी गरगरलं, ते खालीच बसले. सुकाणू माझ्या हातात आलं. नाव कलत होती आणि शीड कसं उतरवायचं हे मला माहीत नव्हतं. कुठल्या दोराला हात लावू? शेजारून जाणाऱ्या मचव्यातला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, ओरडला, "वयनी, तोंड वाऱ्याक धरा!" तसं केलं आणि शीड फडफडायला लागलं, त्यातला जोर गेला, नाव सरळ झाली. एवढीशी गोष्ट, आणि दोन वर्षांत ती मी शिकले नव्हते.

त्यानंतर आम्ही नेम केला. आठवड्यातून एक दिवस नांगर उचलण्यापासून पुन्हा टाकेपर्यंत सगळं मी करते. हे हात बांधून बसतात आणि स्वयंपाक त्यांच्याकडे. मध्येच न सांगता हे पाण्यात एक नारळ टाकतात. वळून, शीड सैल करून, तो उचलून आणायचा. लाटांत नारळ माणसाच्या डोक्याएवढाच दिसतो आणि नजर हलली की हरवतो. पहिल्या दिवशी तो सापडायला मला बावीस मिनिटं लागली. आता चार-पाच लागतात.

त्याहून अवघड काम पुढचं आहे. पाण्यातला ऐंशी किलोचा माणूस मी वर कसा घेणार? शिडी पाण्यातूनच ओढून खाली पाडता आली पाहिजे. ते खाडीत, शांत पाण्यात, दोघांनीही करून बघा. नाळेकडे जाताना लाइफ जॅकेट आणि पट्टा नावेला अडकवलेला, चालताना एक हात कायम कशालातरी धरलेला. साठीनंतर तोल जायला मोठी लाट लागत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हात शरीरातलं पाणी लवकर उतरतं. हंगामाआधी डॉक्टरांशी यावर मोकळेपणाने बोला. गोळ्यांचे दोन संच, दोन वेगळ्या हवाबंद डब्यांत.

मदत मागायचे नंबरही दोघांना पाठ हवेत : तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, नावेवरच्या बिनतारी रेडिओवर चॅनेल १६. इथे गणिताच्या बाईंची एक कळकळीची विनंती. मोबाइल अक्षांश दाखवतो १६.५५८ अंश. नावेवरचं यंत्र तेच ठिकाण १६ अंश ३३.५ मिनिटं असं दाखवतं. घाबरलेल्या अवस्थेत मोबाइलवरचा आकडा "१६ अंश, ५५.८ मिनिटं" असा वाचला गेला, तर फरक २२ मिनिटांचा पडतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. तुम्ही विजयदुर्गसमोर आणि शोधणारी बोट ४० किलोमीटर उत्तरेला, रत्नागिरीच्या बाजूला. दशांशाला ६० ने गुणलं की मिनिटं येतात. आम्ही हे एका कार्डावर लिहून रेडिओशेजारी चिकटवलं आहे.

उद्यमनगरचं पितळ खाऱ्या पाण्यात

नावेच्या तळातल्या भोकांना पाणी बंद-चालू करायला कॉक असतात. पाण्याखालच्या अशा एका कॉकला यांनी स्वतः पितळी निपल बसवला होता, सुबक, आट्या अगदी स्वच्छ. दोन हंगामांनी रंगकाम करताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं आणि पिवळ्या सालीखाली गुलाबी धातू दिसला. बोटाने दाबला तर बिस्किटासारखा चुरा झाला. हे बराच वेळ तो तुकडा तळहातावर घेऊन बसले होते. खाऱ्या पाण्याने पितळेतलं जस्त काढून नेलं होतं, उरलं होतं पोकळ तांबं. तो समुद्रात तुटला असता तर मुठीएवढ्या भोकातून पाणी आत आलं असतं.

पाण्याखाली साधं पितळ नको, गनमेटल, म्हणजे तांबं-कथलाचा मिश्रधातू घ्या. आपल्याकडच्या फाउंड्रीत ते मिळतं. स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट ३०४ ग्रेडचे नकोत, ३१६ चे. त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठाला तेच जास्त टिकतं. तळाला लावलेला जस्ताचा तुकडा अर्धा झिजला की बदला. तो झिजतो म्हणून बाकीचे धातू वाचतात. आणि प्रत्येक कॉकशेजारी त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधलेली असू द्या.

आणखी काही

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो खिडकीतून जाईल, नावेत तळाशी साठून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. चहा झाला की शेगडीचं बटण आणि सिलिंडरचा कॉक, दोन्ही बंद. लाटा असतील त्या दिवशी आम्ही शेगडी पेटवतच नाही. भडंग, दशम्या आणि चटणीवर दिवस निघतो.

१२ व्होल्टची साधी बॅटरी स्थिर असताना १२.७ दाखवते तेव्हा भरलेली, १२.२ ला अर्धी. त्याखाली रोज नेली तर एका हंगामात संपते.

परदेशातल्या मुलाने हौसेने दिलेला सॅटेलाइट फोन नावेवर आणू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. रेडिओलाही परवाना लागतो.

नाव वर काढायला उशीर

मच्छीमारांची बंदी १ जूनपासून असते, म्हणून मेअखेरपर्यंत फिरता येईल असं वाटतं. तौक्ते चक्रीवादळ २०२१ च्या मेच्या मध्यात कोकणासमोरून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला धडकलं. आमची नाव १० मेपर्यंत किनाऱ्यावर असते. क्रेन, ट्रॉली आणि माणसं एप्रिलमध्येच सांगून ठेवावी लागतात, नंतर कोणी मोकळं नसतं. होडी शाकारतात तशी ताडपत्री वरून घाला, पण दोन्ही टोकांना हवा खेळती ठेवा, कपाटांची दारं उघडी आणि तळाचं बूच काढलेलं. शिडं गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून कोल्हापूरला घेऊन या. गच्चीवर पसरली की दिसतं : उन्हाने कापडाआधी दोरा कुजतो. सुटलेली शिवण मी त्याच आठवड्यात घालते, कारण ऑक्टोबरात निघायच्या धांदलीत ती राहून जाते.