आयेल्ट्सची तयारी: रायटिंगचा सहावर अडकलेला बँड कसा हलवायचा

आयेल्ट्स ही परदेशी शिकायला, कामाला किंवा स्थायिक व्हायला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. तिचे गुण बँडमध्ये देतात, जास्तीत जास्त ९. माझा पहिला निकाल असा होता: लिसनिंग ८, रीडिंग ८, स्पीकिंग ७, रायटिंग ६. सरासरी ७.२५, आणि आयेल्ट्समध्ये पाव बँड वर ढकलतात म्हणून एकूण ७.५. मला हव्या त्या विद्यापीठाला एकूण ७ पुरत होते, पण कुठल्याही एका भागात ६.५ च्या खाली चालणार नव्हतं. म्हणजे साडेसात मिळूनही प्रवेश नाही. चार महिन्यांनी पुन्हा बसले. लिसनिंग अर्ध्या बँडने वाढलं, रायटिंग जागचं हललं नाही. तिसऱ्या खेपेला ७ आले. तेव्हापासून ओळखीतल्या मुलामुलींचे, परदेशी निघालेल्या नर्सेसचे, कॅनडाचे कागद जमवणाऱ्या जोडप्यांचे निबंध मी तपासत आले आहे. बहुतेकांचं गाडं रायटिंगपाशीच अडतं. म्हणून या लेखात बाकीचं थोडक्यात आणि रायटिंगचं सविस्तर.

आधी आकडा ठरवा

परीक्षेचे दोन प्रकार आहेत: शिकायला जायचं तर अ‍ॅकॅडेमिक, कॅनडासारख्या देशात स्थायिक होण्यासाठी जनरल ट्रेनिंग. पण अंतिम शब्द संस्थेचा. तिच्या संकेतस्थळावर प्रत्येक भागाला किती लागतात ते पाहा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. कॅनडाच्या सीएलबी या भाषेच्या मोजपट्टीवर ९ वी पातळी हवी असेल तर लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७. ‘एकूण सात’ हे उद्दिष्ट म्हणून निरुपयोगी आहे. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, तेव्हा उगाच लवकरही देऊ नका.

लिसनिंग आणि रीडिंग

दोन्हींत ४० प्रश्न. लिसनिंगमध्ये आणि अ‍ॅकॅडेमिक रीडिंगमध्ये साधारण ३० बरोबर आले की ७, ३५ आले की ८. खऱ्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न का चुकला ते शोधा. ‘दोन शब्दांपेक्षा जास्त नको’ म्हटलं असताना तीन लिहिले तर उत्तर गेलं. स्पेलिंग चुकलं तरी गेलं. रीडिंगमध्ये उत्तराचा ‘नॉट गिव्हन’ हा पर्याय असतो, त्याचा अर्थ उताऱ्यात ते सांगितलेलंच नाही. तुम्हाला बाहेरून काय माहीत आहे त्याचा इथे संबंध नाही. एवढं सांभाळलंत की या दोन भागांत सराव आपलं काम करतो.

रायटिंग: इथे वेळ द्या

साठ मिनिटं, दोन कामं. पहिल्यात किमान १५० शब्द, दुसऱ्यात म्हणजे निबंधात किमान २५०. निबंधाचं वजन पहिल्या कामाच्या दुप्पट असतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते: निबंध आधी लिहा, ४० मिनिटांत. पहिलं काम उरलेल्या २० मिनिटांत.

निबंध चार कसोट्यांवर तपासतात आणि चारींना सारखं वजन असतं: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपदा, आणि व्याकरण. मी पहिल्या दोन खेपांना फक्त तिसऱ्या कसोटीच्या मागे होते. ज्या क्लासला जात होते तिथे तयार वाक्यांची झेरॉक्स दिली होती. विषय कोणताही असो, सुरुवात ‘इन धिस कंटेम्पररी इरा’ने करायची. मी ती पाठ केली. शेजारी भारी शब्दांची यादी. दोन्ही वेळा ६.

मग ऑफिसमधल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी माझा एक निबंध हातात घेतला. लाल पेनने त्यांनी एकाही व्याकरणाच्या चुकीला हात लावला नाही. परिच्छेदांशेजारी एकच वाक्य लिहिलं: ‘यात प्रश्नाचं उत्तर कुठे आहे?’ चारपैकी तीन परिच्छेदांशी ते वाक्य होतं. त्या दिवशी खूप वाईट वाटलं, पण माझा बँड तिथून हलला.

आपल्याकडे ही खोड कुठून येते ते समजून घ्या. शाळेत आपण ‘प्रदूषण: एक समस्या’, ‘विज्ञान: शाप की वरदान’ असे निबंध लिहितो. सुरुवातीला सुविचार, मग कारणं, परिणाम, उपाय आणि शेवटी आवाहन. विषयाबद्दल माहीत असलेलं सगळं ओतायचं. आयेल्ट्समध्ये विषय नसतो, प्रश्न असतो. हा फरक मनात पक्का झाल्याशिवाय दुसरं काहीही शिकू नका.

सरावासाठी मी देते तो प्रश्न घ्या: ‘शहरातली वाहतूक कोंडी कमी करण्यासाठी खासगी गाड्यांवरचा कर वाढवणं हाच सर्वांत चांगला उपाय आहे, असं काहींना वाटतं. तुम्ही कितपत सहमत आहात?’ दहापैकी आठ जण ‘वाहतूक कोंडी: एक समस्या’ लिहून आणतात. धूर, दमा, वाया जाणारं इंधन, झाडं लावा, सायकल चालवा. त्यात कर हा शब्द एकदा येतो, तोही शेवटी. असा निबंध इंग्रजी कितीही सफाईदार असलं तरी पहिल्या कसोटीवर मार खातो. प्रश्न कराबद्दल आहे, आणि त्यातही ‘हाच सर्वांत चांगला’ या शब्दांबद्दल.

आता मी सांगते तसं करा.

पहिली सात मिनिटं लिहू नका. प्रश्नातले कळीचे शब्द अधोरेखित करा आणि स्वतःचं उत्तर एका वाक्यात मांडा. ते मराठीत मांडलंत तरी चालेल. ‘विचारसुद्धा इंग्रजीतच करा’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. ज्याचं इंग्रजी अजून कच्चं आहे तो इंग्रजीत विचार करू लागला की त्याचा विचारच कच्चा होतो. मुद्दे मराठीत पक्के करा, वाक्यं मात्र थेट इंग्रजीत रचा. मराठी वाक्याचं भाषांतर करत बसू नका.

समजा, तुमचं उत्तर आहे: ‘कर उपयोगी आहे, पण पर्यायी सोय असेल तिथेच, म्हणून तो सर्वांत चांगला उपाय नव्हे.’ आता दोन परिच्छेद ठरवा, प्रत्येकात एकच कारण. पहिला: पर्याय नसेल तर माणूस कर भरतो आणि गाडी चालवतच राहतो. उदाहरण: हडपसरला राहणारा आणि हिंजवडीला कामाला जाणारा माणूस. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वेळेवर पोचवणारी बस त्याला मिळत नसेल, तर कराने त्याचा खर्च वाढेल, रस्त्यावरची एकही गाडी कमी होणार नाही. दुसरा परिच्छेद: पर्याय असेल तर पैशाचा दाब काम करतो. लंडनने २००३ मध्ये मध्यवर्ती भागात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं, पण तिथे भुयारी रेल्वे आणि बस आधीपासून होत्या. लंडनचं माहीत नसेल तरी बिघडत नाही. स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण चालतं, प्रश्नपत्रिकेतच तसं लिहिलेलं असतं. ‘एका सर्वेक्षणानुसार ८७ टक्के लोक’ असले मनाने रचलेले आकडे मात्र टाकू नका. ते वाक्य काहीच सिद्ध करत नाही आणि तुमचे वीस शब्द खातं.

परिच्छेद लिहिताना स्वतःला तीन प्रश्न विचारत जा: का? म्हणजे नेमकं काय होतं? कुठे दिसतं? तिन्हींची उत्तरं आली की परिच्छेद भरतो, शब्द मोजावे लागत नाहीत. एका परिच्छेदात चार मुद्दे कोंबणाऱ्याचे चारही अर्धवट राहतात.

प्रस्तावना दोन वाक्यांची: प्रश्न स्वतःच्या शब्दांत आणि तुमचं मत. मत शेवटपर्यंत दडवून ठेवू नका. समारोपही दोन वाक्यांचा, त्यात नवा मुद्दा नको. २७० ते २९० शब्द पुरे.

आता पाठांतराबद्दल. परीक्षकाला पाठ केलेली वाक्यं ओळखू येतात आणि त्यांचे गुण मिळत नाहीत, उलट जातात. प्रत्येक वाक्याआधी ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’ लावल्याने मांडणी सलग होत नाही. एका वाक्यातून पुढचं निघालं की ती होते. ‘प्लेथोरा’ हा शब्द तर मी माझ्याकडे निबंध आणणाऱ्या मुलांना बंदच केला आहे. ‘मेनी’ पुरतं. शब्दसंपदा दाखवायची तर विषयाचे नेमके शब्द वापरा: कम्यूट, टोल, पब्लिक ट्रान्सपोर्ट, कन्जेशन.

व्याकरणात आपल्या चुका ठरलेल्या आहेत. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांना जोडच नाही, म्हणून ते गळतात किंवा नको तिथे पडतात. ‘च’ची सवय ‘ओन्ली’ आणि ‘इटसेल्फ’ होऊन येते. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येत नाही. ‘इन्फर्मेशन’ आणि ‘इक्विपमेंट’ यांना ‘एस’ लागत नाही. मराठीत स्वल्पविराम देत देत वाक्य लांबवता येतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली तर ती चूक धरली जाते. यातल्या तुमच्या चुका कोणत्या, ते शोधा. शेवटची चार मिनिटं राखून ठेवा आणि फक्त त्याच शोधत निबंध वाचा. सगळं तपासायला गेलात तर काहीच सापडत नाही.

सर्वांत कळकळीने सांगते ती गोष्ट ही: तीस निबंध लिहू नका, दहा लिहा आणि प्रत्येक तीनदा लिहा. पहिल्यांदा घड्याळ लावून. मग कुणाकडून तरी तपासून घ्या; तो माणूस इंग्रजीचा प्राध्यापक असायची गरज नाही, ‘उत्तर कुठे आहे?’ हे विचारण्याइतका स्पष्टवक्ता असला पाहिजे. दुसऱ्यांदा लिहिताना मुद्दे दुरुस्त करा. चार दिवसांनी तिसऱ्यांदा, जुना कागद न बघता. रोज नवा निबंध लिहिणारे रोज त्याच चुका पक्क्या करत असतात. मी आठ महिने तेच केलं. व्याकरण दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर वापरायची तर चूक दाखवून घ्या, दुरुस्ती स्वतः करा. संगणकावर परीक्षा देणार असाल तर चुका आपोआप सुधारणारी सोय आजच बंद करा. परीक्षेत ती नसते. शब्दांची संख्या मात्र पडद्यावर दिसते.

पहिलं काम त्या मानाने सोपं. अ‍ॅकॅडेमिकमध्ये आलेख असेल तर त्यातल्या दोन ठळक गोष्टी सांगणारा सारांश हवाच. कारणमीमांसा नको, मतही नको. जनरलमध्ये पत्र असतं: दिलेले तिन्ही मुद्दे घ्या आणि मित्राला लिहिताय की मॅनेजरला, तो सूर शेवटपर्यंत सांभाळा.

स्पीकिंग

११ ते १४ मिनिटांच्या गप्पा. विलायती उच्चार काढू नका, तो मध्येच सुटतो आणि बोलणंही अडखळतं. आपल्या ‘व’मध्ये इंग्रजीचे व्ही आणि डब्ल्यू दोन्ही बसतात, तेवढा फरक करायला शिका. दुसऱ्या भागात दिलेल्या विषयावर दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं असतं, त्यासाठी रोज फोनवर स्वतःला रेकॉर्ड करून ऐका.

परीक्षेचा दिवस आणि नंतर

मूळ पासपोर्ट न्या. त्याची झेरॉक्स चालत नाही.

निकालात एकच भाग मागे राहिला तर आता आमच्या वेळेसारखं सगळं पुन्हा द्यावं लागत नाही. संगणकावर परीक्षा दिली असेल तर ६० दिवसांच्या आत तो एक भाग पुन्हा देता येतो. मात्र असा निकाल सगळ्याच संस्था घेत नाहीत, पैसे भरण्याआधी त्यांना विचारा. पुनर्तपासणीही मागता येते आणि बँड वाढला तर तिचं शुल्क परत मिळतं. रायटिंगला अर्धा बँड कमी पडला असेल आणि सरावात कायम त्याहून वर असाल तर जरूर मागा. सरावातही सहाच येत असतील तर ते पैसे वाचवा, जुने दहा निबंध बाहेर काढा आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी त्या बाईंचा प्रश्न लिहा.