नवा गेम लगेच घ्यायचा की सेलची वाट पाहायची? या चुका टाळा

मोठ्या कंपनीचा नवा गेम आज पीसीवर सहज ३,००० रुपयांच्या पुढे जातो, पीएस५वर (सोनीचं टीव्हीला जोडायचं गेमयंत्र, प्लेस्टेशन ५) ५,०००च्या आसपास. रूमचं भाडं आणि मेसचे पैसे घरून मागवणाऱ्या नागपूरच्या पोरासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून "लाँचलाच घेऊ की थांबू?" हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. मात्र त्याचं एकच उत्तर सगळ्या गेमना लावलं की पैसे वाया जातात. गेम कोणासोबत खेळणार आणि येत्या महिन्यात हाताशी वेळ किती, हे आधी ठरवा. किंमत त्यानंतर बघा.

बोनससाठी प्री-ऑर्डर

प्री-ऑर्डर म्हणजे गेम येण्याआधीच पैसे भरून ठेवणं. शेजारचा बारावीतला मुलगा परवा विचारत होता, "दादा, प्री-ऑर्डर करून टाकू का? बोनस भेटून राह्यला ना." बोनस म्हणजे एक तलवार आणि दोन पोशाख. मी त्याला म्हटलं, "अरे, डिजिटल कॉपी कधी संपते का? रिलीजनंतर दोन दिवसांनी घेतलास तरी गेम तोच मिळेल, आणि तो कसा चालतो हे तोपर्यंत कळलेलं असेल."

सायबरपंक २०७७ आठवा. अनेकदा पुढे ढकलला गेलेला हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. जुन्या कन्सोलवर (म्हणजे जुन्या गेमयंत्रांवर) त्याची अवस्था इतकी वाईट होती की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि तो जून २०२१ मध्ये परतला. सप्टेंबर २०२३च्या २.० अपडेटनंतर मात्र तो खऱ्या अर्थाने उत्तम झाला. आता सेलमध्ये तो निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले, त्यांना सर्वांत वाईट आवृत्ती सर्वांत महाग पडली. एकट्याने खेळायच्या, कथा असलेल्या मोठ्या गेमसाठी थांबा, हे मी ठामपणे सांगतो. कथा कुठे पळून जात नाही.

प्री-ऑर्डर करून बसला असाल तर अजून मार्ग आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात रिलीजच्या आधी कधीही पैसे परत मागता येतात. प्लेस्टेशनवर एक गोष्ट सांभाळा: डाउनलोड सुरू झालं की परताव्याचा हक्क साधारणपणे संपतो. प्री-ऑर्डर केलेला गेम रिलीजच्या आधी आपोआप उतरायला लागतो, म्हणून ऑटो-डाउनलोड आधीच बंद करून ठेवा.

दोन तास वाया घालवणं

सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात, आणि बहुतेकांना ते कळतही नाही. स्टीमचा नियम असा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर सहसा काहीही न विचारता पैसे परत. पण घड्याळ सुरू होतं ते गेम उघडल्यावर, खेळायला लागल्यावर नव्हे. कंपनीच्या वेगळ्या लाँचरमध्ये (गेम सुरू करून देणाऱ्या अ‍ॅपमध्ये) अकाउंट काढणं, ग्राफिक्सच्या सेटिंग चाळत बसणं, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याची वाट पाहणं, सगळं त्याच दोन तासांत मोजलं जातं. मार्च २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट १ पीसीवर आला, तेव्हा कित्येकांच्या मशीनवर शेडर तयार व्हायलाच भरपूर वेळ गेला. गेम धड सुरू होण्याआधीच परताव्याची मुदत सरत आली होती.

म्हणून पहिला तास मजेसाठी ठेवू नका, तपासणीसाठी ठेवा. गेम उघडून जेवायला उठू नका. सेटिंग मध्यमवर ठेवा, सुरुवातीचे कटसीन (नुसते बघायचे कथेचे प्रसंग) सोडून द्या आणि जमेल तितक्या लवकर गर्दीच्या शहरात किंवा मोठ्या लढाईत शिरा. मशीन अडखळणार असेल तर ते तिथेच दिसेल. सव्वा तास झाला की थांबून निर्णय घ्या.

नागपूरकरांनी यात आणखी एक गोष्ट पाहायला हवी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना दुपारी तीनला घेतलेली चाचणी आणि रात्री अकराला घेतलेली चाचणी सारखी नसते. ग्राफिक्स कार्ड फार तापलं की स्वतःचा वेग कमी करतं. आफ्टरबर्नरसारखं मोफत सॉफ्टवेअर लावून तापमान आणि क्लॉक (कार्डाचा वेग) दोन्ही एकाच वेळी बघा. तापमान वर जाताना क्लॉक खाली येत असेल, तर दोष गेमचा नाही. कॅबिनेट भिंतीपासून दूर सरकवा, आतली धूळ काढा आणि मग पुन्हा तपासा. तापमान ठीक असूनही गेम अडखळतोय? मग परत करा, आणि दोन-तीन पॅच (दुरुस्तीची अपडेट) येऊन गेल्यावर सेलमध्ये घ्या.

पैसे मागताना मूळ पेमेंटचा पर्याय निवडा. स्टीमच्या वॉलेटमध्ये आलेली रक्कम पुन्हा बँकेत जात नाही.

मित्र पुढे निघून गेल्यावर घेणं

थांबण्याचा सल्ला सगळ्यांना लागू नाही. चार मित्र मिळून खेळायचा गेम सहा महिन्यांनी निम्म्या किमतीत घेतलात, तर ते चौघं तोवर दुसरीकडे गेलेले असतात. हेलडायव्हर्स २ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला तेव्हा सर्व्हर कोलमडत होते, तरी मित्रांसोबत खरी धमाल त्याच आठवड्यांत होती. अशा गेमला पूर्ण किंमत देणं मला योग्य वाटतं. मात्र आठवडाभर जाऊ द्या आणि खेळाडू टिकतात का ते बघा. कॉन्कॉर्ड हा ऑनलाइन गेम २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले, पण सर्वांचं नशीब दर वेळी तसं नसतं.

छोट्या स्टुडिओच्या स्वस्त गेमसाठीही फार ताणू नका. हॉलो नाइट: सिल्कसाँग सप्टेंबर २०२५ मध्ये फक्त २० डॉलरला आला. जो गेम आजच रात्री बसून खेळणार आहात, त्यावर दोनशे रुपये वाचवण्यासाठी वर्षभर थांबण्यात मला अर्थ दिसत नाही.

फुटबॉलचे दरवर्षी येणारे गेम याच्या उलट. सप्टेंबरच्या अखेरीस येतात आणि नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडे सेलपर्यंत बरीच सूट लागते. दोन महिने जुन्यावर काढा.

जी सूट येणारच नाही तिची वाट

फॅक्टोरिओ या गेमवर कधीच सेल लागत नाही. उलट जानेवारी २०२३ मध्ये त्याची किंमत ३० वरून ३५ डॉलर झाली. निन्टेंडोचे स्वतःचे गेमही वर्षानुवर्षं फारसे उतरत नाहीत. थांबण्याआधी स्टीमडीबी या वेबसाइटवर त्या गेमचा किमतीचा आलेख पाहा. दोन वर्षांत किंमत कुठवर खाली आली हे तिथे स्पष्ट दिसतं, आणि सेलमधला आकडा खरोखर चांगला आहे की नेहमीचाच, तेही कळतं.

फार थांबण्यातही धोका असतो. गाड्यांचे आणि संगीताचे परवाने संपले की गेम विक्रीतूनच जातो. फोर्झा होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये असाच गेला.

सेलच्या तारखा आणि आपल्या सुट्ट्या

स्टीमचा समर सेल जूनच्या अखेरीस लागतो. उन्हामुळे विदर्भातल्या शाळाही साधारण तेव्हाच सुरू होतात, म्हणजे सेल येतो तोवर सुट्टी संपलेली असते. मुलांना उन्हाळ्यात खेळायला गेम हवा असेल तर मार्चच्या स्प्रिंग सेलमध्ये घ्या. परीक्षा आहे म्हणून तेव्हा डाउनलोड करू नका, नुसता घेऊन ठेवा. पण कुठलाही गेम असा ठेवताना १४ दिवसांची मुदत निघून जाणार हे लक्षात असू द्या. मशीनवर चालेल याची खात्री असलेलेच गेम असे घ्यावेत.

सेलच्या शेवटच्या दिवशी आणखी सूट मिळेल असं अजूनही अनेकांना वाटतं. दर काही तासांनी बदलणाऱ्या सवलती स्टीमने २०१५ मध्येच बंद केल्या. आता पहिल्या दिवशी दिसतो तोच भाव सहसा शेवटपर्यंत राहतो, त्यामुळे घाईही नको आणि ताटकळणंही नको. पूर्ण भावाने घेतलेला गेम लगेच सेलमध्ये आला, तर परताव्याच्या मुदतीत तो परत करून नव्या भावाने घ्यायला स्टीमची हरकत नाही.

डिस्कचा हिशेब विसरणं

पीएस५ला डिस्क ड्राइव्ह असेल तर गणित बदलतं. समजा ५,०००ची डिस्क पहिल्या आठवड्यात घेतली, पंधरा दिवसांत गेम संपवला आणि बर्डीत किंवा ओळखीच्या माणसाला ३,५००ला विकली. खेळ दीड हजारात पडला. हीच डिस्क सहा महिने कपाटात ठेवली तर हा भाव मिळणार नाही. म्हणून डिस्क लाँचला घ्यायची असेल तर खेळून लवकर विकायची. जुनी डिस्क घेताना खालच्या बाजूचे ओरखडे उजेडात बघा, आणि दुकानातच चालवून दाखवायला सांगा. खोक्यात डिस्कऐवजी नुसता कोड असेल तर तो पुन्हा विकता येत नाही.

दोनशे रुपयांचं "ऑफलाइन अकाउंट"

इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर कोणी तरी आपला आयडी-पासवर्ड देतो, तुम्ही एकदा लॉगिन करून इंटरनेट बंद करता आणि खेळता. मुलांना हा सौदा मोठा वाटतो. पण एकच अकाउंट कित्येकांना विकलेलं असतं, पासवर्ड केव्हाही बदलतो, आणि अपडेट आलं की गेम अडकतो. तक्रार करायची तर गेम तुमच्या नावावर नाही. घेऊन फसला असाल तर आधी त्या अकाउंटमधून लॉगआउट करा. आपला नेहमीचा पासवर्ड किंवा ओटीपी त्या माणसाला दिला असेल तर पासवर्ड आजच बदला, आणि स्वतःच्या अकाउंटवर स्टीम गार्ड (लॉगिनला जादा कोड मागणारी सोय) चालू करा. पैशांची अडचण असेल तर एपिक या कंपनीच्या पीसी गेम स्टोअरवर दर गुरुवारी रात्री मोफत गेम येतो. मे २०२० मध्ये तिथे जीटीए ५ सुद्धा फुकट मिळाला होता.