ड्रॅगसाठी गाडीचं पुढचं सस्पेन्शन आणि अलाइनमेंट कसं लावायचं?

ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या, गाडीला पाना लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा: गाडी ओढतात ती चाकं पुढची की मागची? इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला अमेरिकेतल्या मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांसाठी असतो: पुढचे स्प्रिंग मऊ ठेवा, शॉकअप उघडताना सैल असू द्या, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारा, गाडी कलू न देणारा दांडा) काढा, नाक वर उठू द्या. त्या गाड्यांना हे बरोबरच आहे. पण नाशिकमध्ये या नादाला लागलेल्या बहुतेकांकडे स्विफ्ट, पोलो नाहीतर होंडा सिटी असते. त्यांनी हाच सल्ला जसाच्या तसा उचलला तर सुटतानाच पुढची चाकं जागेवर फिरतील.

कारण साधं आहे. समजा गाडी १००० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटर. अर्ध्या जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या) त्वरणाने ती सुटली की सुमारे १०० किलो भार पुढून मागे सरकतो. मागून ओढणाऱ्या गाडीला हा भार आयता मिळतो, पुढून ओढणारीच्या हातून तेवढाच निसटतो. स्प्रिंग कडक केले की भार सरकायचा थांबतो, हा गैरसमज आहे. किती भार सरकेल हे त्वरण, उंची आणि चाकांतलं अंतर यांवर ठरतं. स्प्रिंग आणि शॉकअपच्या हातात एवढंच असतं की तो किती झटक्याने सरकेल आणि नाक उठताना चाकांचे कोन किती बिघडतील.

आधी ढिलेपणा काढा

पावसाळाभर शहरातल्या खड्ड्यांतून फिरलेल्या गाडीचे बुश आणि जॉइंट शाबूत असतील असं धरून चालू नका. गाडी जॅकवर घ्या आणि स्टँड लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही. टायर वर-खाली धरून हलवा. प्ले आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलंय. डावी-उजवीकडे हलला तर टायरॉड (स्टीअरिंगपासून चाकाला वळवणारी दांडी) आणि त्याचा एंड तपासा. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशला पहारीने हलका दाब देऊन रबर फाटलंय का ते बघा. पुढून ओढणाऱ्या गाडीत इंजिनचं फाउंडेशन ढिलं असेल तर सुटताना चाक उड्या मारतं आणि आपण उगाच शॉकअपला दोष देत बसतो. हे सगळं घट्ट नसेल तर अलाइनमेंटचे आकडे दुसऱ्याच रनला बदललेले असतील.

जमीन, वजन, हवा

मोजायची जागा सपाट हवी. बांधकामावर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी आणा, चारही चाकांच्या जागा तपासा आणि जी खाली असेल तिथे फरशीचे तुकडे ठेवा. टायरमध्ये रनला ठेवणार तेवढीच हवा, टाकीत तेवढंच पेट्रोल आणि ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हर किंवा त्याच्या वजनाची पोती.

शॉकअप आणि उंची

पुढून ओढणारी गाडी थोडी खाली घेतली तर फायदा होतो, कारण गुरुत्वमध्य खाली येतो. ॲडजस्टेबल शॉकअप असतील तर पुढचे उघडताना कडक ठेवा, म्हणजे नाक सावकाश उठेल. मागचे दबताना कडक ठेवा, म्हणजे शेपूट बसणार नाही. मागचे स्प्रिंग कडक करणं हा पुढच्या ग्रिपसाठीचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे असं माझं मत आहे. जिप्सी किंवा ओम्नीसारख्या मागून ओढणाऱ्या गाडीत मात्र सुरुवातीचा अमेरिकन सल्ला लागू होतो.

कॅम्बर आणि कास्टर

नाशिककरांनी रॅलीच्या गाड्या जवळून पाहिल्या आहेत, त्यामुळे आत झुकलेली चाकं म्हणजेच रेसिंग असं डोक्यात बसलेलं असतं. तो झुकाव, म्हणजे उणे कॅम्बर, वळणासाठी असतो. ड्रॅगमध्ये वळण नाही. टायरची पूर्ण रुंदी जमिनीला टेकायला हवी. पुढून ओढणाऱ्या गाडीत उणे अर्धा अंश ते शून्य यांच्यामध्ये ठेवा. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या) गाडीत नाक उठताना कॅम्बर थोडा बाहेरच्या बाजूला जातो, म्हणून ऐन शून्यापेक्षा किंचित उणे बरं. घरी मोजायला ओळंबा पुरतो. रिमची वरची आणि खालची कड दोऱ्यापासून किती लांब आहे ते बघा. कडा ४०० मिलिमीटर अंतरावर असतील तर ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश.

कास्टर, म्हणजे बाजूने बघताना स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत फिक्स असतो. मशीनवर फक्त डावी-उजवी बाजू सारखी आहे ना ते बघा. मागून ओढणाऱ्या गाडीत तो बदलता येत असेल तर ५ ते ७ अंश ठेवा. वेगात स्टीअरिंग सरळ राहतं.

टो सगळ्यात शेवटी

कॅम्बर हलला की टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, हलतोच, म्हणून हा क्रम मोडू नका. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर तंगूस ताणा. दोन्ही तंगुसांमधलं अंतर पुढे-मागे तंतोतंत सारखं हवं. मग पुढच्या डाव्या-उजव्या हबपासून तंगूस सारख्या अंतरावर घ्या आणि तसंच मागच्या जोडीचं करा. पुढच्या आणि मागच्या जोडीचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तरी चालेल. स्टीअरिंग सरळ बांधा. रिमची पुढची कड आणि मागची कड तंगुसापासून स्टीलच्या पट्टीने मोजा. पुढचं अंतर जास्त असेल तर टो-इन, कमी असेल तर टो-आऊट.

पुढून ओढणाऱ्या गाडीत जोर आला की बुश दबतात आणि चाकं आत वळतात. म्हणून उभ्या गाडीत दोन्ही चाकं मिळून शून्य ते दीड मिलिमीटर टो-आऊट ठेवा. मागून ओढणाऱ्या गाडीत पुढची चाकं नुसती ढकलली जातात आणि बाहेर फाकतात, तिथे साधारण दीड मिलिमीटर टो-इन. टायरॉड फिरवण्याआधी स्टीअरिंग रॅकच्या रबरी बूटची क्लिप सैल करा. नाहीतर रॉडबरोबर बूटही पिळला जातो, फाटतो आणि आत धूळ-पाणी शिरतं. लॉकनट सोडा, दोन्ही बाजू पाव-पाव फेरा सारख्याच फिरवा, गाडी थोडी पुढे ढकलून परत मोजा.

आता बहुतेक जण सोडून देतात ती तपासणी. पुढच्या टायरांखाली ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे ठेवा, बॉडी आधी २५ आणि मग ५० मिलिमीटर उचला आणि दोन्ही वेळा टो मोजा. सुटताना गाडी याच स्थितीत असते. टो एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त बदलला तर गाडी खाली घेताना टायरॉड आणि लोअर आर्म यांचं नातं बिघडलंय. उंची थोडी परत वाढवा किंवा त्या गाडीसाठी बनवलेले टायरॉड एंड बसवा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत लेथवर हवं ते बनवून मिळतं, पण स्टीअरिंगच्या पार्टला वेल्डिंग करून घेऊ नका.

हे सगळं अलाइनमेंटवाल्याकडे करून घेणार असाल तर आकडे कागदावर लिहून द्या. मशीनवर हिरवं दिसलं की तो काम झालं म्हणेल, पण ते हिरवं रस्त्यावरच्या वापरासाठी असतं. आधीची आणि नंतरची अशा दोन्ही प्रिंट मागून घ्या.

रन आणि त्यानंतर

गंगापूर रोड किंवा महामार्ग ही चाचणीची जागा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा आपल्या हौसेशी काही संबंध नसतो. परवानगी घेऊन विमानाच्या धावपट्टीवर ड्रॅग होतात. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीतही झाल्या आहेत. तिथे पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, मोकळे मिळतात.

रन संपल्यावर लगेच टायरला आत, मध्ये आणि बाहेर हात लावून बघा. आतली कड जास्त तापली असेल तर कॅम्बर अजून उणे आहे. फक्त मधला पट्टा तापला तर हवा जास्त आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडा वहीत लिहा. घरी निघण्याआधी टो कंपनीच्या आकड्यावर परत आणा. त्यासाठी टायरॉडवर रंगाची खूण आधीच करून ठेवा.