मिलिंग लावण्याआधी खाली काय आहे ते बघा

सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर मला पहिली साइट मिळाली ती सोलापूर जिल्ह्यातल्या एका राज्यमार्गाची. कागदावर काम अगदी सरळ होतं. डांबरी रस्त्याचा वरचा ४० मिमी थर मिलिंग मशीनने खरवडून काढायचा आणि तेवढ्याच जाडीचा नवा बिटुमिनस काँक्रीटचा, म्हणजे डांबर आणि खडीच्या मिश्रणाचा थर टाकायचा. तीन दिवस मी मशीनच्या मागे स्टीलची पट्टी घेऊन फिरलो. ४० म्हणजे ४०, एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही. याचा मला अभिमान वाटत होता.

तिसऱ्या दिवशी ऑपरेटर काकांनी मशीन थांबवलं आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. खरवडलेल्या भागावर जुन्या थराचा पातळ पापुद्रा उरला होता. कडेला पहार लावली की भाकरीसारखा सुटून येत होता. "साहेब, हा ठेवू नका, अजून थोडं खाली जाऊ." मी वरिष्ठांना विचारलं. बिल ४० मिमीचं आहे, उत्तर मिळालं. मीही पुढे काही बोललो नाही. पुढच्या पावसाळ्यात तिथला नवा थर ताटाएवढ्या तुकड्यांनी उखडला. मी एक तुकडा उलटा करून पाहिला, तर नव्या डांबराच्या पाठीला तो जुना पापुद्रा घट्ट चिकटलेला होता. नवं काम जुन्याला नीट धरून होतं, पण जुन्यानेच त्याच्या खालचा थर सोडला होता. जुना थर मुळात ५० मिमीचा होता आणि आम्ही १० मिमी मागे ठेवले होते.

तेव्हापासून मी मिलिंगची खोली कागदावरून ठरवत नाही, कोअर, म्हणजे रस्त्याचा उभा नमुना काढून ठरवतो. शंभर किंवा दीडशे मिमी व्यासाचा दंडगोल कापून काढला की थर कुठे संपतो, दोन थर एकमेकांना धरून आहेत की हातात येताच सुटतात, भेग वरून खाली गेली आहे की खालून वर आली आहे, हे सगळं डोळ्यांना दिसतं. जिथे थर बदलतो तिथपर्यंत किंवा त्याच्या थोडं खाली जायचं, पातळ पापुद्रा मधे सोडायचा नाही. कोअर फक्त चांगल्या जागेवर काढू नका. एक भेगेवर, एक चाकोरीत आणि एक शाबूत भागात काढा, म्हणजे तुलना करता येते.

नव्याने आलेल्यांची मोठी चूक इथेच होते, रस्ता खराब दिसला की मिलिंग सुचवायचं. मिलिंग वरच्या थरांचा आजार काढतं, पायाचा नाही. चाकोरीचंच बघा. चाकांच्या वाटेवर अरुंद खड्डा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डांबर फुगून वर आलेलं असेल, तर वरचं मिश्रणच उन्हात आणि वजनाखाली सरकलं आहे. ते खरवडून काढा, रोग गेला. पण दोरी धरल्यावर रुंद, बशीसारखा खोलगट भाग दिसला आणि बाजूला फुगवटा नसेल, तर बहुधा खालची माती किंवा मुरूम दबला आहे. आमच्याकडे काळ्या मातीवर हे फार दिसतं. तिथे कितीही सुंदर मिलिंग केलं तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा तीच बशी होणार. मगरीच्या पाठीसारख्या भेगा आणि पावसानंतर त्यांतून मातकट पाणी वर येत असेल, तर तो भाग खोदून पायापासून करा. शंका असेल तर ट्रायल पिट, म्हणजे थर बघायला छोटा खड्डा घ्या. लांब पट्ट्यासाठी एफडब्ल्यूडी चाचणी मागवा. तिच्यात रस्त्यावर वजन पाडून तो किती दबतो ते मोजतात. तिची पद्धत इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ११५ या मार्गदर्शिकेत दिली आहे.

मग नुसता वरून थर का टाकू नये? कारण रस्ता दरवेळी वर चढतो. पुण्यात जुन्या सोसायट्यांची फाटकं रस्त्याच्या खाली गेलेली तुम्ही पाहिली असतील. पहिल्या मोठ्या सरीला पाणी थेट पार्किंगमध्ये. तमिळनाडूत २०२१ मध्ये मुख्य सचिवांनी जुना थर खरवडूनच नवा टाकायचा, रस्त्याची पातळी वाढवायची नाही, अशी सूचना काढली होती. हे मला मनापासून पटतं. पुलांवर तर प्रश्न वजनाचाच असतो. १०० मीटर लांब, साडेसात मीटर रुंद पुलावर ४० मिमीचा एक थर म्हणजे सत्तर टनांहून जास्त कायमचा बोजा. तो पुलाच्या डिझाइनमध्ये धरलेला असेलच असं नाही.

प्रत्यक्ष कामात मशीनपेक्षा मशीनच्या आधी आणि नंतरचं जास्त बघा. आधी मॅनहोल, व्हॉल्व्ह, पुरलेलं लोखंड रंगाने खुणावून घ्या. जुन्या कामांत झाकणं डांबराखाली गेलेली असतात, म्हणून पाणीपुरवठ्याच्या जुन्या माणसाला सोबत चालवा. मशीनच्या खरवडणाऱ्या ड्रमचे दात झिजले की खाचा वेड्यावाकड्या येतात आणि एखादा तुटला की तिथे सलग वरंबा राहतो. रोज सकाळी ड्रम बघायची सवय लावा. एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद रस्त्यावरून ४० मिमी काढलं की साधारण साडेसहाशे टन माल निघतो, १६ टनांच्या टिपरला चाळीसेक खेपा. टिपर कमी पडले की मशीन उभं राहतं. आणि तो माल कचरा नाही, त्यात डांबर आणि चांगली खडी आहे. आयआरसी १२० मध्ये त्याच्या पुनर्वापराची रीत आहे. तो कुठे उतरतोय याची नोंद ठेवा.

मिलिंगनंतरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे खाचांत बसलेली धूळ. झाडू मारून ती जात नाही, कॉम्प्रेसरची हवा लागते. त्यावर टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून मारलेलं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर). खाचांमुळे पृष्ठभाग वाढतो, म्हणून सपाट रस्त्यापेक्षा इमल्शन थोडं जास्त लागतं. मारल्यावर ते चहासारखं तपकिरी दिसतं, काळं झाल्याशिवाय पेव्हर (थर पसरवणारं मशीन) पुढे नेऊ देऊ नका. व्हीजी ३० या प्रतीच्या डांबराचं मिश्रण टाकताना १४० अंश सेल्सिअसखाली आलेलं असेल तर टिपर परत पाठवा. पहिल्यांदा परत पाठवताना हात थरथरतील, तरी पाठवा.

खरवडलेला पट्टा रात्रभर उघडा ठेवायची वेळ आलीच, तर जिथे पातळी बदलते तिथे उतार करून घ्या आणि दिवे लावा. त्या खाचांवर दुचाकीचं पुढचं चाक आपोआप ओढलं जातं. माझ्या दुसऱ्या साइटवर एक बाई मागे मूल घेऊन त्या कडेवर घसरल्या. फार लागलं नाही, पण त्या रात्रीपासून मी पट्टा तेवढाच खरवडायला सांगतो, जेवढा संध्याकाळपर्यंत भरून होईल.