गुलाल उधळण्याआधी करार वाचा : वेतन बोलणीतल्या या चुका टाळा

सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर. नाशिक भागातल्या या औद्योगिक वसाहती. वर्षभरात कुठल्या ना कुठल्या गेटवर गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात व्यवस्थापन व युनियनच्या पदाधिकाऱ्यांचा हसरा फोटो येतो : अमुक हजारांची वेतनवाढ. सहा महिने उलटत नाहीत तोच त्याच गेटवर काळ्या फिती दिसतात. दोन्ही बाजू म्हणतात, समोरच्याने शब्द फिरवला. खरं तर शब्द फिरवलेला नसतो, तो नीट लिहिलेलाच नसतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1999 मध्ये सन्मानाच्या कामाची चौकट मांडली. तिच्यात रोजगार, हक्क आणि सामाजिक सुरक्षा यांच्या पंक्तीला संवादही बसवला. आपल्याकडे मात्र संवाद म्हणजे सहीच्या आदल्या रात्रीची ओढाताण, असा समज पक्का झाला आहे.

ठोक आकड्यावर सही

सगळ्यात जास्त माती होते ती इथे. समजा तीन वर्षांसाठी महिना 12,000 रुपये वाढीचा करार झाला आणि ती वाढ वर्षावर्षाला 60, 25, 15 टक्के अशी वाटली. पहिल्या वर्षाचे 7,200. कामगार घरी सांगतो, सात हजारांनी पगार वाढला. पण आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला कामगारामागे येणाऱ्या एकूण खर्चाचा असेल तर त्यात मालकाचा 12 टक्के पीएफ, ग्रॅच्युइटीची 4.81 टक्के तरतूद आणि 8.33 टक्के बोनसही धरलेला असतो. सगळी वाढ मूळ पगारात टाकली आणि हे तिन्ही पूर्ण रकमेवर मोजले, तर मूळ पगार वाढतो सुमारे 5,753 रुपयांनी. त्यातून कामगाराचा स्वतःचा पीएफ 690 गेला की हातात येतात 5,063. पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्याचीच आहे, हे खरं. पण त्याला कोणी सांगितलेलं नसतं, आणि पहिली पगार स्लिप हातात पडली की तो आधी आपल्याच कमिटीवर तुटून पडतो.

मग कमिटीतला एखादा उतावळा सुचवतो, वाढ भत्त्यात टाका, हातात जास्त येईल. येतं खरं, पण निवृत्तीला ग्रॅच्युइटी मोजताना तोच कामगार कपाळाला हात लावतो. शिवाय वेतन संहितेनुसार वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे ही पळवाट आता मालकाच्याही फारशी कामाची राहिलेली नाही.

उपाय साधा आहे. एक जुना, एक मधला आणि एक नवा अशा तीन कामगारांच्या स्लिपा घ्या. प्रत्येकाचा करारापूर्वीचा आणि करारानंतरचा पगार ओळीओळीने लिहा : मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे, कपाती, हातात येणारी रक्कम. हा तक्ता कराराला परिशिष्ट म्हणून जोडा आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. तक्ता तयार नसेल तर सही चार दिवस पुढे ढकला. चार दिवसांनी काही बिघडत नाही, चुकीच्या सहीने तीन वर्षं बिघडतात.

याच घाईत महागाई भत्त्याचंही वाटोळं होतं. 'निर्देशांकाप्रमाणे' एवढंच लिहून मोकळे होतात. कुठला निर्देशांक? औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची 2016 = 100 (म्हणजे 2016 च्या किमती 100 धरलेली) ही मालिका सप्टेंबर 2020 पासून लागू झाली. त्याआधीची 2001 = 100 होती. दोन्ही जोडणारा अखिल भारतीय लिंकिंग फॅक्टर 2.88 आहे. जुन्या करारात दर अंकाला 2 रुपये होते आणि नव्या करारात तोच आकडा उतरवला, तर नवा एक अंक म्हणजे जुने 2.88 अंक असल्याने हिशेब 5.76 रुपयांचा हवा होता. प्रत्येक अंकामागे 3.76 रुपये बुडाले. मालिका, पायाभूत वर्ष, केंद्र, कुठल्या महिन्यांची सरासरी आणि कुठल्या महिन्यापासून भत्ता, या पाचही गोष्टी लिहा. केंद्र नाशिक धरलं तर फॅक्टरही नाशिकचाच घ्या. दर केंद्राचा तो वेगळा असतो.

उत्पादनाचं कलम एका ओळीत

पगारवाढीच्या बदल्यात व्यवस्थापन उत्पादन वाढवून मागतं. मागणी रास्त आहे. पण करारात येतं ते असं : 'प्रति शिफ्ट 420 ऐवजी 480 नग देण्याचे मान्य.' बास. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा करा, उरली 450 मिनिटं. 480 नगांसाठी एका नगाला 56 सेकंद मिळतात. आधी 64 मिळत होते. आता कच्चा माल 25 मिनिटं उशिरा आला तर 26-27 नग तिथेच गेले. ऑपरेटर जीव तोडून 453 वर पोचतो. सुपरवायझर रजिस्टरमध्ये कमी उत्पादन लिहितो, महिन्याच्या शेवटी प्रोत्साहन भत्ता कापला जातो. कामगार म्हणतात माल नव्हता, ऑफिस म्हणतं कराराची भाषा स्पष्ट आहे. हा तंटा कारखान्याकारखान्यात शब्दशः असाच चालतो, फक्त नगाचं नाव बदलतं.

म्हणून कलम लिहिताना मशिन क्रमांक, ऑपरेटरची संख्या, सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) आणि वजा करायचा वेळ नोंदवा : ब्रेकडाउन, वीज, टूल बदलणं, मालाची वाट पाहणं, तपासणीसाठी थांबलेली लाइन. बंद वेळेची नोंद शिफ्ट संपण्याआधी व्हावी आणि तिच्यावर सुपरवायझर व ऑपरेटर दोघांची सही असावी. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली नोंद कोणी मानत नाही, आणि मानूही नये.

टेबलावर कोण नाही, हे न पाहणं

2024 च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये हमाली, तोलाई आणि लेव्ही (हमालीवर माथाडी मंडळाकडे भरायची जादा रक्कम) यांच्या वादात कांद्याचे लिलाव ठप्प झाले. शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या बिलातून, ही कपात करायला व्यापारी तयार नव्हते, माथाडी कामगार आपला हक्क सोडायला तयार नव्हते. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं होतं. 1969 च्या माथाडी कायद्याने उभी केलेली मंडळं मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांची आहेत, आणि लेव्हीतूनच हमालाच्या भविष्य निधीची सोय होते. पण पट्टी ज्याच्या नावाने फाटते तो शेतकरी या तिघांत नाही, आणि लिलाव बंद राहिले तेव्हा माल त्याच्याच चाळीत पडून राहिला. पैसा ज्याच्या खिशातून जाणार, त्याला पहिल्या बैठकीलाच खुर्ची द्या. शेवटच्या बैठकीला बोलावलेला माणूस फक्त विरोध करायला येतो.

कारखान्यातही तेच. एका लाइनवर चार कायम आणि आठ कंत्राटी कामगार. करार चौघांचा, वाढीव उत्पादनाचं ओझं मात्र बाराही जणांवर. आठ जणांना करारात एक ओळही नाही, आणि मग उत्पादन का येत नाही म्हणून सगळे बुचकळ्यात. निदान कॅन्टीन, बस, सुरक्षा साधनं आणि बंद वेळेची नोंद ही कलमं सगळ्यांना लागू आहेत, असं स्पष्ट लिहा.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत बोलणी मुकादमापाशी येऊन थांबते. पेठ, सुरगाण्याहून आलेल्या टोळीला एकरी भाव कळतो, पण आगाऊ घेतलेली उचल किती फिटली ते कळत नाही. दोन वह्या ठेवा, एक बागायतदाराकडे आणि एक टोळीकडे. छाटणी, पेस्ट (छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावायचं औषध), विरळणी यांचे भाव वेगळे लिहा आणि पावसाने पडलेला खाडा कोणाचा तेही लिहा. पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असतं. हातमोजे, चष्मा आणि साबण-पाणी कोण देणार हे भावाबरोबरच ठरवा. पेस्टच्या कामाच्या आधी आणि नंतर दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे टोळीतल्या प्रत्येकाला सांगा. मुकादमाच्या कानात सांगून भागत नाही.

सिन्नरकडच्या बिडी कामगार बायांच्या बाबतीत सगळी झटापट हजारी, म्हणजे हजार बिड्यांच्या, दरावर होते. पान-तंबाखू किती मिळणार आणि छाटून बाजूला काढलेल्या बिड्या कोण ठरवणार, हे राहूनच जातं. पान कमी किंवा खराब निघालं की ती बाई पदरचे पैसे घालून पान आणते, आणि वाढलेला दर तिथेच जिरतो.

लहान वाटणाऱ्या चुका

'संप नको, सगळे एकदम रजा टाकू' ही शक्कल सोडून द्या. औद्योगिक संबंध संहितेत एका दिवशी निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून रजा घेतली, तर तो संपच धरला जातो. संपाआधी 14 दिवसांची नोटीस लागते, आणि समेटाची कारवाई (कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोरची बोलणी) चालू असताना व ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही.

जुन्या कराराचा मसुदा उचलून फक्त तारखा बदलू नका. चारही कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याची कलमं तशीच ठेवलेला कागद पहिल्याच वादात अडचणीत आणतो.

आपसात केलेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर, समेटाच्या कारवाईत झालेला करार युनियनबाहेरच्यांना आणि नंतर भरती होणाऱ्यांनाही लागू होतो. कामगार उपायुक्त कार्यालयाच्या चार चकरा वाचवणारे हाच फरक विसरतात.

बैठकीचं इतिवृत्त नंतर लिहू म्हणू नका. उठण्याआधी एका पानावर काय मान्य, काय अमान्य आणि काय शिल्लक ते लिहा, सह्या करा, मगच चहा घ्या. व्हॉट्सॲपवरचा 'ओके' म्हणजे इतिवृत्त नव्हे.

करार झाला की तक्रारींची दखल आपोआप घेतली जाईल, असं समजू नका. 20 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. दोन्ही बाजूंचे सभासद समसमान, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत, आणि कामगारांमध्ये बायकांचं जेवढं प्रमाण तेवढं समितीतही हवं. अंबडमध्ये असेंब्लीच्या कितीतरी लाइन बायका चालवतात, समितीत मात्र ऑफिसमधल्या एका मॅडमचं नाव घालून खानापूर्ती होते. स्वच्छतागृहाला जायला रिलीव्हर, म्हणजे तेवढा वेळ जागेवर उभं राहणारं माणूस, नाही, ही तक्रार त्या मॅडमपर्यंत पोचत नाही, कारण त्यांना रिलीव्हर लागतच नाही. लाइनवरचीच बाई घ्या, बैठकीचा वेळ तिच्या शिफ्टमध्ये ठेवा आणि तिच्या जागी माणूस द्या. तक्रार आली की रजिस्टरमध्ये तारीख टाका. समितीने ती निकाली काढायचे 30 दिवस तिथून मोजायचे असतात.