ऐतिहासिक जागेजवळच्या जिओकॅशला काळ्या विनोदाचं नाव: कुठे चालतं, कुठे नाही

जिओकॅश म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी. ती ठेवणारा तिचा मालक, बाकीचे खेळाडू जीपीएसने ती शोधतात आणि आतल्या कागदावर व खेळाच्या संकेतस्थळावर नोंद करतात. तिचं नाव संकेतस्थळावरच्या पानापुरतं राहत नाही. डबी प्रकाशित झाली की ते परिसरातल्या खेळाडूंच्या मेलमध्ये आणि फोनच्या नोटिफिकेशनमध्ये जातं, नकाशावरच्या खुणेला चिकटतं आणि पुढे जो कुणी ती शोधेल त्याच्या यादीत कायमचं बसतं. यातल्या एकाही ठिकाणी तुम्ही मेहनतीने लिहिलेलं वर्णन सोबत नसतं. काळ्या विनोदावरचे बहुतेक वाद इथेच उगवतात. नाव देणाऱ्याच्या डोक्यात अख्खा इतिहास असतो, वाचणाऱ्यासमोर मात्र दोन-तीन शब्द.

म्हणून सरसकट 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असं उत्तर देता येत नाही. विनोद कुणावर आहे, ती जागा आज कोण आणि कशासाठी वापरतं, आणि तो विनोद डबीच्या नेमक्या कुठल्या भागात लिहिलाय, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. त्यातली तिसरी लोक सर्रास विसरतात, आणि बहुतेक वेळा तोडगा तिच्यातच असतो.

आधी नाव एकटं वाचा

कागदावर पाच ओळी लिहा आणि गाळलेल्या जागी तुमचं नाव भरा. '… प्रकाशित झाली.' '… सापडली, मजा आली, टीएफटीसी (थँक्स फॉर द कॅश).' '… सापडली नाही, पुन्हा येऊ.' '… ओली झाली आहे, मालकाने लक्ष द्यावं.' '… तात्पुरती बंद.' या पाच ओळी लोक तुमच्या नावाशेजारी रोज लिहिणार आहेत, आणि लिहिताना त्यांच्या मनात इतिहास नसेल. फाशीच्या जागेजवळच्या डबीला 'शेवटचा श्वास' असं नाव दिलंत, तर लॉग, म्हणजे शोधणाऱ्याची नोंद, येईल: 'शेवटचा श्वास सापडला, पोरं खूश, पेन सोबत न्यावं.' नाव देताना जो गंभीर सूर मनात होता तो इथे टिकत नाही. वर, सापडलेल्या डबीच्या जागी नकाशावर पिवळा हसरा चेहरा उमटतो. तो बंद करायची सोय मालकाकडे नाही.

हा हसरा चेहरा किरकोळ वाटेल, पण काही जागांबद्दल निर्णय त्याच्यावरच होतो. २०१६ साली पोकेमॉन गो जोरात असताना आउशवित्झच्या स्मारकाने आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने आमच्या आवारात हा खेळ खेळू नका असं सांगितलं. पोकेमॉनच्या नावांत काही वाईट नव्हतं. तिथे खेळ खेळला जाणं हाच आक्षेप होता. अशा जागी नाव कितीही सभ्य ठेवलं तरी उपयोग नाही, मग विनोदाचा प्रश्नच उरत नाही. जर्मनीत राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: नाझी चिन्हं आणि घोषणा वापरणं तिथे फौजदारी गुन्हा आहे. नावात किंवा पानाच्या पार्श्वचित्रात 'उपरोधाने' वापरलं होतं, असं नंतर समजावत बसायची वेळ येऊ देऊ नये. नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी फुटपाथमध्ये बसवलेल्या दहा सेंटिमीटरच्या पितळी श्टोल्परश्टाइनजवळ (शब्दशः 'ठेच लागणारा दगड') डबी असेल, तर ठेच लागण्यावरची कोटी सगळ्यांनाच सुचते. ती करू नका. त्या प्रत्येक पाटीवर एका खऱ्या माणसाचं नाव असतं.

विनोद कुणावर आहे

मारणाऱ्यावर, आंधळ्या कारभारावर, अफवेवर किंवा शोधायला आलेल्या खेळाडूवर केलेला विनोद सहसा निभावतो. मेलेल्यावर केलेला निभावत नाही. मधली एक जागा आहे: विनोद खुद्द मरणाऱ्यानेच केला असेल तर.

अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं गेलं. ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरीने तर आरोपावर उत्तरच द्यायला नकार दिला, तेव्हा त्याच्या अंगावर दगड रचत त्याला चिरडून मारलं. 'आणखी वजन टाका' असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. खड्या चढावरच्या डबीला 'आणखी वजन' हे नाव शोभतं. त्यात कोरीची खुमखुमी आहे, आणि हसू येतं ते धापा टाकणाऱ्या खेळाडूचं. पण त्याच गावात प्रॉक्टर्स लेज आहे, जिथे ही फाशी झाली ती जागा. २०१७ साली तिथे स्मारक झालं. भोवती राहती घरं आहेत, आणि मृतांचे वंशज आजही येतात. सेलमच्या बाजारपेठेत झाडूवर बसलेली चेटकीण दुकानादुकानात टांगलेली दिसेल, त्यामुळे तिथली डबी 'झाडू पार्किंग' म्हणून खपेल. लेजच्या भिंतीजवळ तेच नाव दुष्टपणाचं होईल. एका गावात दोन निकाल आहेत, आणि मध्ये जेमतेम काही मिनिटांचा रस्ता.

गाव स्वतःच काय विनोद करतं, हे पाहणं म्हणून फायद्याचं. एडिनबरात ग्रासमार्केट चौकात पूर्वी जाहीर फाशी दिली जात असे. आज तिथे 'द लास्ट ड्रॉप' नावाचा पब आहे, आणि मॅगी डिक्सन हिच्या नावाचाही. मॅगीला १७२४ साली फासावर चढवलं, शवपेटीतून नेताना ती जिवंत निघाली आणि पुढे अनेक वर्षं जगली. ती वाचली, त्यामुळे तिच्या नावाने केलेल्या विनोदात खेळाडू, दारू पिणारे आणि गावकरी सगळे एका बाजूला असतात. त्याच चौकात धर्मश्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या कॉव्हेनंटर लोकांचं स्मारक आहे. डबीची खूण नकाशावर त्या स्मारकाला चिकटून पडत असेल, तर आधी खूण हलवा, मग नाव ठरवा.

आपल्याकडे याला शनिवारवाड्याएवढं नेमकं उदाहरण नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. या एका घटनेवर मराठीत दोन वाक्प्रचार आजही चालतात. 'काका मला वाचवा' हे पुण्यात परीक्षेपासून पार्किंगपर्यंत कशालाही वापरलं जातं, पण मुळात ती मरणाऱ्या मुलाची हाक आहे. 'ध चा मा' मात्र कट करणाऱ्यावर बोट ठेवतो. 'धरावे'चं 'मारावे' खरंच कुणी केलं की ती नंतरची कथा, हे इथे गौण. दोन्ही नावं लोकांच्या ओळखीची आहेत, तरी डबीला 'ध चा मा' हेच द्यावं. ते कोड्यालाही फुकटची मदत करतं. मिस्ट्री प्रकार (कोडं सोडवून खरी जागा काढायची डबी) निवडा, वर्णनात एक पत्र द्या, आणि त्यातलं एक अक्षर बदललं की खरे अक्षांश-रेखांश मिळतील अशी मांडणी करा. मिस्ट्रीत दाखवलेली जागा आणि खरी डबी यांच्यात ३.२ किलोमीटरपर्यंत अंतर चालतं. खूण दिल्ली दरवाज्यासमोर, आणि डबी दूर कुठेतरी, जागेच्या मालकाच्या परवानगीने. विनोद, कोडं आणि सुरक्षित जागा एकाच नावात जमतात, असं क्वचित होतं.

काळ लोटला म्हणजे झालं, असं नाही

शंभर किंवा दोनशे वर्षं उलटली की विनोद मोकळा, असा नियम कुणी सांगितला तर मानू नका. १४ जानेवारी १७६१ ला अडीचशेहून जास्त वर्षं झाली. 'पानिपत झालं' आपण क्रिकेटच्या सामन्यालाही म्हणतो. पुण्यातल्या अवघड कोड्याला ते नाव द्या, कुणी भुवई उंचावणार नाही. हरियाणात काला आंबच्या स्मारकाशेजारी तेच नाव दिलंत, तर मुद्दाम तिथवर गेलेल्या मराठी माणसाला ते झोंबेल. फरक वर्षांचा नाही, पायाखालच्या मातीचा आहे.

इंग्लंडच्या डर्बीशरमधलं ईम गाव आणखी बारकाईने पाहण्यासारखं आहे. १६६५-६६ मध्ये प्लेग आला तेव्हा गावाने स्वतःला कोंडून घेतलं, सुमारे २६० माणसं गेली. गावाच्या वेशीवर एक दगड आहे. त्याच्या खोबणींमध्ये व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवत, बाहेरचे लोक ते घेऊन धान्य ठेवून जात. 'सुरक्षित अंतर, १६६५' असं नाव त्या दगडाच्या वाटेवर चांगलं लागू पडतं, कारण टोला लॉकडाऊनमध्ये कुरकुरणाऱ्या आपल्यालाच बसतो. गावाबाहेर रायली ग्रेव्ह्ज आहेत. तिथे एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. त्या कुंपणाच्या आसपास हे नाव नको, आणि खरं तर दुसरंही कुठलं खुसखुशीत नाव नको.

उलट प्रकारही असतो. घटना जुनी, पण धोका ताजा. रायगडावरून शिक्षा म्हणून जिथून कडेलोट होई ते टकमक टोक. 'एकेरी तिकीट' हे नाव कुणालाही पाच मिनिटांत सुचेल. पण सह्याद्रीतल्या कड्यांवरून पर्यटक आजही घसरून पडतात. उद्या तिथे अपघात झाला तर तुमचं नाव बातमीशेजारी वाचलं जाईल. कडा, खोल पाणी, रेल्वेरूळ, भुसभुशीत बुरूज अशा जागी मृत्यूवरचं नाव अजिबात देऊ नये. आणि डबीही तिथे ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको. मुंबईच्या २६/११ च्या जागांबद्दल तर चर्चाच नको. साक्षीदार, जखमी आणि कुटुंबं याच शहरात राहतात.

विनोद हलवा, फेकू नका

सुचलेली कोटी भन्नाट असेल आणि वरच्या कसोट्यांवर अडत असेल, तर तिला नावातून खाली उतरवा. पहिली पायरी वर्णन. तिथे तीन-चार वाक्यांत घटना, वर्ष आणि मेलेल्यांचा साधा उल्लेख आधी येऊ द्या, कोटी त्यानंतर. दुसरी पायरी हिंट, जी खेळाडू अडला तरच उघडतो. संकेतस्थळावर हिंट रोट१३ पद्धतीने उलटीपालटी करून दाखवतात, पण ती पद्धत फक्त रोमन अक्षरांवर चालते. देवनागरीत लिहिलेली हिंट जशीच्या तशी उघडी दिसते. कोटी आणि डबीची जागा दोन्ही फुटू नयेत म्हणून हिंट रोमन लिपीत लिहा.

सगळ्यात चांगली जागा झाकणाच्या आतली बाजू, किंवा लॉगच्या कागदाचं पहिलं पान. तिथवर पोहोचलेल्या माणसाने जागा पाहिलेली असते, पाटी वाचलेली असते, थोडा घाम गाळलेला असतो. नकाशावर जे वाक्य उर्मट वाटलं असतं, ते इथे तो हसून वाचतो. लेझर प्रिंटरवर छापून लॅमिनेट केलेली चिठ्ठी पावसाळ्यात टिकते. इंकजेटची शाई पहिल्याच सरीत पसरते. मायक्रो डबी म्हणजे शंभर मिलिलिटरच्या आतली, तिच्यात एवढं वाक्य मावणार नाही. त्यासाठी एक लिटरपर्यंतची स्मॉल घ्या.

नाव मग अगदी साधं ठेवा: जागा, आणि हवं तर वर्ष. जुन्या हातातल्या जीपीएस यंत्रांपैकी अनेकांवर देवनागरी दिसत नाही, चौकोन उमटतात. म्हणून नावात रोमन रूपही असू द्या.

डबीच्या रूपातही हीच शिस्त पाळा. खेळण्यातला सांगाडा, फास, नकली रक्त, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला पाइप यातलं काही नको, आणि नावात 'बॉम्ब', 'स्फोट', 'टायमर' तर मुळीच नको. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली एक निरुपद्रवी जिओकॅश संशयित वस्तू समजून बॉम्बपथकाने उडवली होती. पारदर्शक डबा घ्या, बाहेरून 'जिओकॅश, निरुपद्रवी खेळ' अशी चिठ्ठी मराठी-इंग्रजीत लावा आणि जीसी क्रमांक (डबीचा ओळख क्रमांक) लिहा.

परवानगी आणि रिव्ह्यूअर

केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. हा नियम बांधकामासाठी आहे, डबीबद्दल त्यात काही नाही. त्यावरून वाद घालून उपयोग शून्य, पहारेकऱ्याला तुमची चिठ्ठी खपवून घ्यायची गरज नसते. स्मारकाच्या भिंतीत, दगडांच्या फटीत, समाधीवर डबी नको. पाटीवरच्या आकड्यांतून कोडं सोडवून डबी आवाराबाहेर सापडेल अशी मल्टी (टप्प्याटप्प्याने शोधायची डबी) किंवा मिस्ट्री करा. दुसऱ्या डबीपासून किमान १६१ मीटरचं अंतर हवंच. परवानगी मागताना अधिकाऱ्याला नावही दाखवा. ते दाखवायला तुमचा हात अडखळत असेल, तर नाव बदलायचं हे तिथेच कळतं.

डबी प्रकाशित होण्याआधी तिचं पान तपासणारे रिव्ह्यूअर हे स्वयंसेवक असतात. ते अंतर, परवानगी, जाहिरात, प्रचार आणि शिवीगाळ तपासतात. अभिरुची तपासणं त्यांचं काम नाही, त्यामुळे 'रिव्ह्यूअरने पास केलंय' हा तक्रारीवरचा बचाव ठरत नाही. शंका असेल तर पाठवतानाच रिव्ह्यूअर नोटमध्ये नावामागचं कारण दोन ओळींत लिहा. ती नोट प्रकाशनानंतर लोकांना दिसत नाही.

तक्रार आलीच, तर आधी डबी तात्पुरती बंद करा, त्याच दिवशी नाव बदला आणि मग उत्तर द्या. मालकाला नाव पानावरून बदलता येतं. जीसी क्रमांक तोच राहतो, जुन्या शोधकांच्या यादीतही नवं नाव दिसू लागतं. मात्र कुणी लॉगमध्ये हाताने जुनं नाव लिहिलं असेल तर ते तसंच राहतं. नाराजीचा लॉग पुसू नका, पुसला की त्याचे फोटो फिरतात. वर्णन, हिंट, झाकणाची चिठ्ठी आणि त्याच मालिकेतल्या बाकीच्या डब्यांची नावं यांतही तीच कोटी उरली असेल, तर ती काढल्याशिवाय डबी पुन्हा सुरू करू नका. आणि तक्रार जागेच्या मालकाची किंवा तिथल्या व्यवस्थापनाची असेल, तर नावावर थांबू नका. डबी उचला आणि पान अर्काइव्ह, म्हणजे कायमचं बंद, करा.