फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे एक्सल आणि ट्रान्सफर केस ऑइल घरी कसे बदलावे

इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणारे अनेक गाडीमालक एक्सलमधील तेलाकडे वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहत नाहीत, कारण त्यासाठी डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागत नाही आणि तेल खराब झाले तरी गाडी मुकाट्याने धावत राहते. क्राउन-पिनियनचा, म्हणजे एक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचा, आवाज येऊ लागला की मग धावपळ होते. तोवर दात झिजलेले असतात आणि नवे तेल घालून ते भरून येत नाहीत. सोलापूर जिल्ह्यात एकच गाडी पावसाळ्यात भीमा-सीनेच्या काठच्या काळ्या चिखलात, हंगामात उसाच्या फडात आणि मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात राबते. त्यामुळे गाडीच्या मॅन्युअलमध्ये (सोबत आलेल्या पुस्तिकेत) ‘कठीण वापरा’साठी तेल बदलण्याचे वेगळे, कमी अंतर दिलेले असेल, तर आपल्याकडे तेच लागू समजावे. पाऊस संपल्यानंतर आणि ऊसतोड सुरू होण्याआधीचे दिवस या कामासाठी सर्वांत चांगले, असे माझे मत आहे, कारण पावसाळ्यात आत शिरलेले पाणी त्याच वेळी बाहेर काढता येते.

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत हे तेल तीन ठिकाणी असते: पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली, पुढच्या आणि मागच्या एक्सलला ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते अशा पिकअपला मागचा एक्सल तेवढाच पाहावा लागतो. गिअरबॉक्सचे तेल स्वतंत्र असते.

तेल विकत घेताना दुकानात ‘नव्वद नंबर’ किंवा ‘एकशेचाळीस नंबर’ एवढेच सांगून भागत नाही, कारण तो आकडा केवळ दाटपणाचा असतो. क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांवर दाबाखाली घसरत असल्याने एक्सलला बहुधा जीएल-५ दर्जाचे (असा जबर दाब सोसणारे) तेल लागते. दाटपणा ८० डब्ल्यू-९० हवा, ७५ डब्ल्यू-९० हवा की ८५ डब्ल्यू-१४०, हे मॅन्युअल सांगते. उरलेले जीएल-५ मात्र मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ओतण्याचा मोह टाळावा. त्यातील गंधकयुक्त रसायने सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडावा यासाठी असलेल्या भागाच्या) पितळी रिंगा खराब करू शकतात. ट्रान्सफर केसचे गणित आणखी वेगळे आहे: काहींना गिअर ऑइल लागते, तर काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वापरतात ते पातळ, लाल एटीएफ. येथे अंदाज चालत नाही. मागच्या एक्सलमध्ये लिमिटेड स्लिप किंवा लॉकिंग डिफरन्शियल (एक चाक नुसतेच फिरत राहू नये यासाठीची रचना) असेल, तर त्यासाठी वेगळे तेल किंवा मिश्रण सांगितले आहे का, तेही पाहून घ्यावे. प्रत्येक एक्सलला साधारण दीड ते तीन लिटर आणि ट्रान्सफर केसला एक ते दोन लिटर तेल लागते. नेमके माप मॅन्युअलमधून घेऊन थोडे जास्तच आणावे.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी विजापूर रोडने किंवा होटगी रोडने दहा-बारा किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन बाहेर पडते. नंतर गाडी सपाट फरशीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळ्यांची ओट लावावी. बहुतेक उंच गाड्यांखाली जॅक न लावताही सरपटत जाता येते आणि तेच उत्तम, कारण तेलाची पातळी गाडी सपाट असतानाच खरी समजते. गाडी उचलणे भागच असेल, तर ती पुढून-मागून सारखीच उचलून मजबूत स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये.

आता या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम. तेल काढण्याचा खालचा ड्रेन प्लग उघडण्याआधी तेल भरण्याचा वरचा फिलर प्लग सैल करून पाहावा. फिलर प्लग गंजून अडकलेला असेल आणि तेल आधीच काढून टाकलेले असेल, तर गाडी कोरड्या एक्सलसह अंगणात अडकून पडते; ती चालवत मेकॅनिककडेही नेता येत नाही. प्लगभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने काढावा, गंज सोडवणारा स्प्रे शक्य तर आदल्या रात्रीच मारून ठेवावा आणि सहा कोनांची, नेमक्या मापाची गोटी (सॉकेट) वापरावी. काही प्लगांना चौकोनी खाच असते आणि तिच्यात रॅचेटचे अर्ध्या इंचाचे टोक थेट बसते. काहींना अॅलन की लागते. घसरणाऱ्या पान्याने जोर केल्यास प्लगचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांचे काम दिवसभर पुरते.

फिलर प्लग निघाला की खाली पसरट टब ठेवून ड्रेन प्लग काढावा. तेल गरम असते, म्हणून हातमोजे घालावेत आणि तोंड बाजूला ठेवावे. जीएल-५ तेलाचा उग्र वास कपड्यांना लागला तर दोन-तीन धुण्यांतही जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे. ज्या एक्सलला ड्रेन प्लगच नसतो, त्यातील तेल हातपंपाने फिलरच्या भोकातून ओढून काढता येते. मागचे झाकण असेल तर ते उघडल्यास आतली सफाई अधिक चांगली होते, पण मग झाकण बसवताना नवे गॅस्केट किंवा सिलिकॉन लावावे लागते.

तेल गळत असताना घाई करू नये, कारण एक्सलची प्रकृती येथेच कळते. बहुतेक ड्रेन प्लगांच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर मऊ, राखाडी लेप जमलेला असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटाने चोळल्यावर खर लागली नाही, तर प्लग पुसून पुढे जावे. हाताला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला, तर नवे तेल ओतण्यापूर्वी एक्सल उघडून पाहणे आवश्यक असते. तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल, तर आत पाणी शिरले आहे. पाणी शिरण्याचे कारण पुष्कळदा सीलपेक्षा ब्रीदरमध्ये, म्हणजे एक्सलमध्ये हवा ये-जा करू देणाऱ्या तोंडात, सापडते. तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकुंचन पावते; ब्रीदरची नळी मोकळी असेल तर ती बाहेरची हवा ओढून घेते, पण काळ्या मातीने बुजलेली असेल तर पाणी सीलच्या कडेने आत ओढले जाते. म्हणून तेल बदलताना ब्रीदर काढून फुंकून पाहावा आणि साफ करावा. हे न करता नुसते तेल बदलले, तर पुढच्या पावसाळ्यात तेच पुन्हा घडते.

पुसण्याच्या कापडाबद्दल एक गोष्ट सोलापूरकरांना वेगळी सांगायला हवी. टेरी टॉवेलच्या चिंध्या आपल्याकडे हव्या तेवढ्या मिळतात आणि बाहेरून पुसायला त्या उत्तमच आहेत, पण त्यांचे सुटे धागे हाउसिंगमध्ये (एक्सलच्या कवचात) जातात. प्लगचे आटे आणि आतली बाजू जुन्या धोतरासारख्या गुळगुळीत सुती कापडानेच पुसावी.

ड्रेन प्लगला नवा वॉशर घालून तो आधी हाताने आट्यांवर बसवावा आणि मग मॅन्युअलमधील मापानुसार टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावा. नवे तेल हातपंपाने किंवा वरून नरसाळे लावलेल्या लांब नळीने फिलरच्या भोकातून भरावे. डिसेंबरच्या सकाळी जाड तेल फार सावकाश उतरते, तेव्हा बाटल्या आधी तासभर उन्हात ठेवाव्यात. बहुतेक एक्सलमध्ये तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत येऊन बारीक धार बाहेर पडू लागली की पातळी पूर्ण झाली असे समजतात. धार थांबू द्यावी आणि मग फिलर प्लग लावावा. जास्त तेल कोंबल्यास ते फेसाळते आणि सीलमधून मागच्या ब्रेकपर्यंत पोहोचू शकते.

ट्रान्सफर केसची पद्धत हीच आहे, पण दोन ठिकाणी सावध राहावे. तिचे प्लग गिअरबॉक्सच्या प्लगांच्या जवळच असतात आणि चुकून गिअरबॉक्स रिकामा करणारे लोक कमी नाहीत. म्हणून मॅन्युअलमधील आकृती समोर ठेवून आधी प्लगवर खडूने खूण करावी. शिवाय ट्रान्सफर केस सहसा अॅल्युमिनियमची असते, त्यामुळे पान्याला पाइप लावून आवळल्यास आटे निघून येतात.

सर्व प्लग बसल्यावर गाडी सावकाश थोडी फिरवावी. फोर-हाय आणि फोर-लो हे चारही चाके ओढणारे गिअर शेतातल्या किंवा कच्च्या रस्त्यावरच्या मोकळ्या मातीतच लावून पाहावेत. पार्ट-टाइम पद्धतीची (गरजेपुरतीच चारही चाके जोडणारी) गाडी डांबरी रस्त्यावर त्या गिअरमध्ये वळवल्यास सगळ्या दांड्यांवर ताण येतो. परत आल्यावर प्लगांखाली कोरडा पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवावा आणि सकाळी त्यावर डाग दिसल्यास वॉशर तपासावा.

जुने तेल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासण्याची किंवा धूळ बसावी म्हणून अंगणात ओतण्याची रीत अजून दिसते, पण ते जमिनीत मुरून विहिरीपर्यंत जाऊ शकते. वापरलेले तेल २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांखाली येते. ते झाकणाच्या कॅनमध्ये, पाणी किंवा डिझेल न मिसळता साठवावे आणि ज्या गॅरेजचे जुने तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाते, तेथे नेऊन द्यावे.